रंगीत काँक्रीटची स्वच्छता (जलतरण तलावाभोवतीची)

तलावाकाठच्या शोभिवंत काँक्रीटला अनेकदा आम्ल-रंग दिलेला असतो. हायड्रोक्लोरिक आम्लातील लोह, मँगनीज वा तांब्याचे क्षार सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावतात आणि तपकिरी, हिरवट छटा उमटतात. हा रंग सोलवटून निघत नाही. मात्र त्याचा थर अगदी पातळ असतो. त्यावर सहसा ॲक्रिलिकचे पारदर्शक लेपन असते. धुताना जपायचे ते हे लेपन.

रोजच्या मळाला झाडू, साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तेलकट डागांसाठी सुमारे ७ सामू असलेला सौम्य साबण वापरून फरशी भरपूर पाण्याने धुवावी. हे पाणी तलावात उतरू देऊ नये. साबणाने फेस येतो. पांढरट क्षार दिसताच म्युरिॲटिक (म्हणजेच हायड्रोक्लोरिक) आम्ल ओतण्याची सवय घातकच म्हणावी लागेल: आम्ल सिमेंट खाते आणि त्यासोबत रंगही जातो. तलावाच्या क्लोरीन पावडरीशी वा ब्लीचशी आम्लाचा संपर्क आला, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही रसायने वेगवेगळ्या जागी ठेवावीत. दाबाच्या पाण्याची तोटी रुंद फवाऱ्याची असावी; एकाच जागी रोखलेली बारीक धार लेपन उखडते.

लेपन शाबूत असेल तर पाण्याचा थेंब वर गोल उभा राहतो. तो मुरून काळसर डाग पडला, की फरशी पूर्ण वाळवून नवे लेपन द्यावे. अनवाणी, ओल्या पायांच्या वावरामुळे त्यात घसरणरोधक बारीक कण मिसळणे आवश्यक आहे.