घाट आणि बंदर

श्रोतेहो, महाराष्ट्राचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण हे तीन विषय शाळेत तीन वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. मुलेही ते तीन वेगळ्या वह्यांत लिहून घेतात. पण ज्या भूमीत आपण राहतो तिथे हे तिन्ही विषय एकाच वाटेवरून चालत आले आहेत. ती वाट म्हणजे सह्याद्रीतली घाटवाट. आज तिच्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. क्षेत्रफळाने देशात तिसरे राज्य, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येने दुसरे, सव्वाअकरा कोटींचे. पश्चिमेला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा. किनाऱ्याला लागून कोकणची चिंचोळी पट्टी, आणि तिच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत. भिंतीपलीकडे देश, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड आणि नागपूर-चांद्यापर्यंत पसरलेले विस्तीर्ण पठार. हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झाले. त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी, कापूस पिकवणारी जमीन तयार झाली.

ही भिंत काय करते, बघा. समुद्रावरून येणारे ढग ती अडवते. महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडे म्हसवड-दहिवडीला जेमतेम पाचशे! गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण भिंतीने पाठ फिरवायला लावली म्हणून ती सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आता पाणी वळवता येत नाही तिथून माणसाने माल कसा न्यावा? कोकणाला धान्य हवे, देशाला मीठ, नारळ, सुकी मासळी हवी. भिंत ओलांडल्याशिवाय दोघांचाही संसार चालत नव्हता. म्हणून जिथे जिथे डोंगर थोडा खचलेला, तिथे तिथे वाट पडली. नाणेघाट, बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली ही त्यांपैकी काही नावे. आणि प्रत्येक वाटेच्या खालच्या टोकाला एखादे बंदर उभे राहिले. घाट आणि बंदर ही जोडगोळी आहे. एकाचे दैव फिरले की दुसऱ्याचेही फिरते.

यांतला सर्वांत बोलका घाट म्हणजे जुन्नरचा नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातल्या अंकलेखनाचा हा एक फार जुना पुरावा. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. रांजणाचे काहीही असो, पण एवढा राजेशाही लेख खिंडीच्या तोंडाशीच का कोरला? कारण राज्याचे उत्पन्न तिथून डोंगर चढत होते. पैठण आणि तेरचा माल जुन्नरवरून नाणेघाटाने उतरून कल्याण-सोपाऱ्याकडे जाई.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने या समुद्राची वाटाडी पोथी लिहिली. पेरिप्लस या नावाने ती प्रसिद्ध आहे. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून भडोचला जाते, असे तो लिहितो. भडोच? जवळचे कल्याण सोडून इतक्या लांब? कारणही त्यानेच दिले आहे. कल्याण पूर्वी खुले बंदर होते, परंतु सत्ता बदलल्यावर तिथे अडथळे आले, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. त्या वेळी क्षत्रप आणि सातवाहन यांची झुंज चालू होती. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. घाट होता, खाडी होती, मालही होता. परंतु राज्यकर्त्याच्या एका हुकुमाने बाजार दुसरीकडे गेला. भूगोल वाट दाखवतो, ती चालू ठेवायची की बंद करायची हे माणसे ठरवतात.

पुढे बंदरांची नावे बदलत गेली. इसवी सन १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने बरोबर एक घोडा आणला होता. चौलहून पाली, आणि तिथून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला. पावसाळा त्याला तिथेच काढावा लागला. तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि फार खटपटींनंतर तो परत दिला. परतीचे जहाज त्याने दाभोळहून पकडले. म्हणजे तेव्हा चौल आणि दाभोळ ही बहमनी राज्याची नाकपुडी होती म्हणा ना! तिथून अरबस्तानचे घोडे आत येत आणि देशावरचे कापड बाहेर जाई.

मग पोर्तुगीज आले, इंग्रज आले, डच आले. घाटावरच्या राज्याने किनारा हातचा सोडला तर काय होते, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर त्यांनी आरमाराची उभारणी हाती घेतली आणि १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. तलवारीच्या पराक्रमाइतकाच महत्त्वाचा पुरावा एका पत्रात आहे. १६७१ साली कुडाळच्या अधिकाऱ्याला त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा : पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलखातले मीठ पडून राहील, तेव्हा त्या मिठावर अशी जकात बसवा की ते संगमेश्वराच्या मिठापेक्षा महागच पडावे. घाटाच्या पायथ्याशी बसवलेल्या जकातीने मिठागरातल्या गरीब माणसाला राखता येते, हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत कागदावर उतरलेला आहे. शिक्षकांनी अफझलखानाच्या वधाबरोबर हे पत्रही मुलांना सांगावे.

आता मुंबईकडे येऊ. १६६१ साली ही बेटे पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. बंदर उत्तम होते. खोल पाणी, चहूकडून आडोसा, आणि पावसाळ्यातही जहाज उभे राहावे असे. कोकणातली इतर बंदरे आषाढ-श्रावणात बंद पडत; नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावर होड्या पुन्हा बाहेर पडत. पण मुंबईला एक उणीव होती. तिच्या पाठीशी देश नव्हता. मध्ये मराठ्यांचे राज्य होते आणि वर सह्याद्री. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि बैलांच्या पाठीवरचा माल चाकांवर आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची आगगाडी धावली. खरी परीक्षा पुढे होती, ती भिंत.

बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ चालले. सुमारे २४ किलोमीटर अंतरात साडेपाचशे मीटरहून अधिक चढ, आणि पंचवीस बोगदे! काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर डोंगरात राबत होते. पटकी आणि हिवतापाने हजारो माणसे तिथेच गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. पहार धरणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. १८६५ मध्ये थळघाटातूनही गाडी वर गेली, आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली.

भिंतीला दोन मोठी भोके पडली आणि दोन्हींचे तोंड एकाच बंदराकडे! याचा परिणाम काय झाला? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाला भलताच भाव दिला. वऱ्हाड-खानदेशात पैसा खुळखुळू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. शहर सावरले, पण खेड्यात काय घडले? तेजी पाहून सरकारने शेतसारा वाढवला होता, सावकाराने कर्जे दिली होती. मंदीत दोन्ही वसुलीला आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. बाजाराची वाट रुंद झाली की परदेशातला भाव बांधावर येतो, बरं का. चांगलाही येतो आणि वाईटही येतो.

आणि कोकणाचे काय झाले? घाटावरचा माल आगगाडीने थेट मुंबईला जाऊ लागला. दाभोळ, राजापूर यांसारख्या बंदरांच्या खाड्या गाळाने भरतच होत्या. आता पाठीमागचा व्यापारही आटला. वेंगुर्ल्याला बेळगावकडचा माल घाट उतरून येई. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली आणि तो माल तिकडे वळला. कल्याणचा माल भडोचला गेला होता, तीच कथा पुन्हा! बंदरात काम उरले नाही तेव्हा कोकणी माणूस स्वतः बोटीत बसला. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. कापूस थळघाट उतरून येई, हात समुद्रावरून येत, आणि गावाकडे मनिऑर्डर जाई. मुंबईचे वैभव या तिहेरी व्यवहारावर उभे राहिले.

सह्याद्रीने मुंबईला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे वीज. माथ्यावर पाणी अडवून ते खाली सोडायचे, ही युक्ती १९१५ पासून खोपोलीला सुरू झाली. गिरण्यांच्या चात्या त्यावर फिरू लागल्या. पण मुळशीला धरणाचे काम निघाले तेव्हा मावळ्यांच्या भातजमिनी बुडणार होत्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. धरण झालेच. त्यानंतर कोयना झाली, आणि स्वतंत्र महाराष्ट्राच्या कारखानदारीला तिने बळ दिले. मात्र वीज केल्यावर कोयनेचे ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, आणि पूर्वेला माणदेश पावसाची वाट पाहतो. धरणाखालून उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला, हेही विसरून चालणार नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई मराठी राज्यात यावी म्हणून माणसांनी प्राण दिले. घाटाखालचे बंदर आणि घाटावरचा देश एका छत्राखाली आले. त्याआधीच, १९५० साली, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. माल कच्चा पाठवायचा नाही, गावातच पक्का करायचा, हा त्यातला धडा. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि २०२५ मध्ये नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इगतपुरी-कसाऱ्याच्या डोंगरातून बोगद्याने खाली उतरला. ही सातवाहनांचीच वाट, फक्त रुंद झाली.

पण हिशेब मांडताना दुसरी बाजूही मांडू या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, परंतु रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची चक्क घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेवीसहून अधिक स्त्रिया होत्या. घरातला कर्ता माणूस अजूनही गावाबाहेर आहे, असाच याचा अर्थ. आगगाडी दारावरून जाते, पण काम दाराशी थांबत नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे २०२४ मध्ये नव्या मोठ्या बंदराची पायाभरणी झाली, आणि तिथल्या मच्छीमारांनी आपल्या समुद्राचे काय होणार, हा प्रश्न विचारला. हा प्रश्न विकासाच्या आड येणारा नाही. मुळशीच्या मावळ्यांनी हाच विचारला होता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या वर्गात मुलांना एक काम सांगा. आपल्या गावच्या बाजारात मीठ कुठून येई, धान्य किंवा कापूस कुठल्या घाटाने जाई, आता कुठल्या रस्त्याने जातो, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. उत्तरांतून तुमच्या गावाचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण एकाच पानावर उतरेल. आणि नवी वाट निघाल्याची बातमी ऐकाल तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावा : या वाटेने काय जाणार, काय येणार, आणि ती कोणाच्या जमिनीवरून जाणार? ज्या गावाला या तिन्हींची उत्तरे ठाऊक असतात, त्या गावाला बाजारात सहसा कोणी फसवू शकत नाही.