आजोबांचा हॉल

"अरे, हा तर कावसजी जहांगीर हॉल!"

रीगल सर्कलला टॅक्सीतून उतरल्या उतरल्या बाबा म्हणाले. मी त्यांना सांगितलं होतं की आपण एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चाललोय. त्यांच्या दृष्टीने ती कुठली तरी नवी जागा होती. समोर दिसली ती त्यांनी लहानपणी पाहिलेली इमारत.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. युनियनच्या एका सभेला त्यांनी बाबांना इथे आणलं होतं. बाबा तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. भाषण कुणाचं होतं ते त्यांना आठवत नाही. आजोबांच्या खांद्यावर बसलो होतो आणि टाळ्या पडल्या की कान बंद करून घेत होतो, एवढंच आठवतं.

आत शिरताना बाबा दारात थांबले आणि चपला काढायला वाकले. "काका, राहू द्या चपला," वॉचमन म्हणाला. मी तिकिटं काढली, बॅग काउंटरवर दिली आणि त्यांच्याकडे न बघता पुढे चालू लागलो. मला थोडी लाज वाटली होती, हे कबूल करतो. कशाची, ते नंतर कळलं.

या इमारतीची गोष्ट अशी. 1911 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून हे सार्वजनिक सभागृह उभं राहिलं. वास्तुविशारद होते जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया त्यांचंच, आणि रस्त्यापलीकडचं, आपण आजही सवयीने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणतो तेही त्यांचंच. पुष्कळ जण हा हॉल आणि जवळची जहांगीर आर्ट गॅलरी यांत गल्लत करतात. गॅलरी 1952 ची. देणगी मात्र याच घराण्याची.

शहराला तेव्हा मोठ्या सभागृहांची गरज होती, त्यामुळे इथे सगळं झालं. काँग्रेसच्या सभा झाल्या, यहुदी मेन्युहिनचं व्हायोलिन वाजलं. पुढे शहरात वातानुकूलित, नवी सभागृहं आली आणि मोठे कार्यक्रम तिकडे गेले. मग उरले बॉक्सिंगचे सामने, लग्नाची रिसेप्शन्स आणि कामगारांच्या सभा. म्हणजे आजोबा इथे आले ते हॉलच्या पडत्या काळात.

दिल्लीत आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय 1954 सालीच जयपूर हाउसमध्ये सुरू झालं होतं. मुंबईत तसं काही नव्हतं. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरीचालक केकू गांधी यांनी या पडीक हॉलसाठी नेट लावला. पिलूबाई 1986 मध्ये गेल्या. संग्रहालय उघडलं 1996 मध्ये. बाहेरचं दगडी कवच तसंच ठेवून आत नवे मजले बसवले. म्हणून आत गेल्यावर एकच मोठं दालन दिसत नाही. गोलाकार जिन्याने एकेक अर्धवर्तुळाकार मजला चढत आपण थेट घुमटाखाली पोचतो.

आमच्या कामात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. बाहेरून सगळं तेच, आतली रचना नवी. फक्त आम्ही जुन्या युजरना कळवतो की सिस्टीम बदलतेय. इथल्या जुन्या युजरना कुणी कळवलं असेल? 1996 हे माझ्या जन्माचं वर्ष. तेव्हा गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, आणि 1982 च्या संपानंतर आजोबा पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नव्हते. सभागृह गेलं आणि सभेला येणारा माणूसही.

हे कळल्यावर मला संग्रहालयाचा राग यायला हवा होता. पण तो नीट येईना, कारण आधुनिक भारतीय चित्रकलेतली काही मोठी नावं कुठून आली ते मी वाचलं होतं. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू झाला. त्यातले के. एच. आरा गाड्या धुवायचे. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले होते. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. गोव्याच्या साळगावचा सूझा चळवळीत पडला म्हणून जे. जे.मधून काढला गेला. गटातले एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे पुढे इंग्लंडला गेले आणि परतल्यावर कोकणात मुरूडला राहिले. आजोबा ज्या मुंबईत साचा चालवत होते, त्याच मुंबईची ही माणसं. हिटलरच्या युरोपातून पळून आलेल्या लँगहॅमर, श्लेसिंगर यांच्यासारख्यांनी त्यांची चित्रं पाहिली, विकत घेतली, त्यांना बळ दिलं. दारात चपला काढाव्यात असं वाटायला लावणारं काहीही या कलेच्या मुळाशी नाही. ते नंतर कुठून तरी आलं, आणि ते माझ्यातही होतं. दारात मला लाज वाटली होती ती बाबांची.

घुमटाखाली पोचल्यावर बाबा बाकावर बसले. खूप वेळ वर बघत होते. मी विचारलं, "आवडली का चित्रं?"

"काही कळली, काही नाही," ते म्हणाले. "पण छान ठेवलंय. लग्नं लावत बसले असते तर पडलं असतं एव्हाना." मग थोडं थांबून, "पण मग लोकांनी सभा कुठं घ्यायची आता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ज्या आयटी पार्कमध्ये काम करतो तिथे पाच जण घोळक्याने उभे राहिले तरी सिक्युरिटी येते. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या अकरा जणांना एका ईमेलने काढलं, तेव्हा आम्ही बोललो ते व्हॉट्सॲपवर, तेही मेसेज डिलीट करत करत. टाळ्यांनी कान दुखावेत अशा खोलीत आम्ही कधी एकत्र बसलोच नाही.

परतताना बाबांनी टॅक्सीतूनच काकांना फोन लावला. "अरे, अण्णांचा हॉल आहे अजून. आत चित्रं लावलीत. वीस रुपये तिकीट. सोमवारी बंद असतो. ये एकदा, जाऊ परत."