अंबाबाईच्या पायांशी वाकून येणारा किरण

कोल्हापुरात अंबाबाईचे नवरात्र, त्र्यंबोलीची यात्रा, रथोत्सव, सारे तिथीने चालते. किरणोत्सवाला मात्र पंचांग उघडावे लागत नाही. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी, या त्याच्या परंपरेने ठरलेल्या तारखा. देवीचा उत्सव इंग्रजी तारखांवर चालतो याची कुणाला गंमत वाटेल. पण या तारखा इंग्रजांच्या नव्हेत, सूर्याच्या आहेत. सूर्य दक्षिणेला सर्वात जास्त कलतो तो २१-२२ डिसेंबरला. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे बेचाळीस दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी साधारण तितकेच दिवस नंतर. म्हणून या दोन्ही वेळी सूर्य एकाच जागी मावळतो. अगदी पश्चिमेला नव्हे, तर सुमारे अठरा अंश दक्षिणेकडे सरकून.

मावळतीआधी किरण महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा आणि गाभारा. सूर्य जसा खाली उतरतो तसा किरण अधिकाधिक आडवा होतो आणि उजेड पायांवरून वर चढतो. सूर्य सरळ खाली जात नाही, उत्तरेकडे तिरका उतरतो. त्यामुळे उजेडही बाजूला सरकत राहतो. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा जो क्रम सांगतात त्यामागे हीच चाल आहे. सूर्य रोज पाव अंशापेक्षा थोडा जास्त सरकतो, एवढ्यावर हा सगळा खेळ.

आता माझा खरा मुद्दा. मूर्तीला लागणारा हा किरण सरळ आलेला नसतो. पातेल्याच्या तळाशी रुपया ठेवा, काठाआड तो दिसेनासा होईपर्यंत मागे सरका आणि कुणाला तरी पाणी ओतायला सांगा. रुपया पुन्हा दिसू लागतो. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण पाऊणपट असतो. म्हणून पाण्यातून बाहेर पडताना तिरका किरण वळतो. पंचगंगेच्या घाटावर पायरी आहे त्यापेक्षा वर दिसते, तीही याचमुळे. हवा फार विरळ असल्याने तिच्यातली वळण अगदी किंचित. पण क्षितिजाजवळचा किरण हवेच्या थरांतून लांबवर आडवा येतो आणि थोडा थोडा वाकत राहतो. सूर्य बरोबर क्षितिजावर असला तर ही वळण अर्ध्या अंशाहून जास्त भरते. म्हणजे तो क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य खाली गेलेला असतो! क्षितिजापासून तीन अंशांवर असताना ती सुमारे पाव अंश उरते. शंभर मीटर अंतरावर पाव अंश म्हणजे चव्वेचाळीस सेंटिमीटर, आपला जुना एक हात. मूर्ती सुमारे तीन फुटांची. हवा नसती तर त्याच क्षणी, तेवढ्याच अंतरावर, उजेड हातभर वर पडला असता.

हे गणित माणसाला सहज उमगलेले नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने पाण्यातली वळण मोजली होती आणि ताऱ्यांचा प्रकाशही हवेत वाकतो हे लिहून ठेवले होते. नियम मात्र ९८४ च्या सुमारास इब्न सहलला आणि १६२१ मध्ये हॉलंडच्या स्नेलला सापडला. त्याच्या थोडे आधीची गोष्ट. १५९७ च्या जानेवारीत उत्तर ध्रुवाकडच्या नोवाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांना सूर्याची कड दिसली, ती हिशेबापेक्षा सुमारे पंधरवडा आधी. ते परतले तेव्हा लोकांनी त्यांनाच खोटे ठरवले. दिवस मोजायला चुकला असाल म्हणाले. थंड हवेच्या थरांनी किरण असामान्य वाकवला होता.

कोल्हापुरात असा वाद उद्भवण्याचे कारण नव्हते. इथे कुणी कागदावर सूर्य मांडून उंबरा गाठत नव्हते. उंबऱ्यावर पडलेला उजेड बघत होते. डोळ्याला दिसतो तो किरण आधीच वाकलेला असतो, त्यामुळे हवेची दुरुस्ती निरीक्षणात आपोआप येते. शिलाहार राजे स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादाने कृतार्थ म्हणवीत, इतकी ही जागा जुनी. १८३८ ते १८४२ च्या दरम्यान मंदिरासमोर लाकडी गरुड मंडप उभा राहिला, तोही या वाटेत येत असून किरणांना जागा देऊन. वाट मोकळी ठेवणे हे तेव्हाच्या सुतारांनाही कळत होते.

ती समज आता कमी पडते आहे. किरण पायांपाशीच विरले की आपण मावळतीकडच्या इमारतींकडे बोट दाखवतो, आणि ते चुकीचे नाही. पाचशे मीटरवरच्या गच्चीत एक मीटर उंचीची पाण्याची टाकी ठेवली, तर किरणांच्या वाटेवर तिची उंची अंशाचा नववा हिस्सा भरते. पाव अंशावर चालणाऱ्या व्यवहारात ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण हवेचेही बघायला हवे. तीन-चार अंशांवरचा सूर्यप्रकाश, डोक्यावर सूर्य असताना येतो त्याच्या बारा ते पंधरा पट हवेतून येतो. तेवढ्या वाटेत धूळ, धूर आणि बाष्प असले, तर एकही गच्ची आड न येता उजेड फिका पडतो. टाकी हलवता येते. धुरासाठी मात्र साऱ्या गावालाच काही करावे लागेल, आणि त्याची चर्चा किरणोत्सव संपला की थांबते.