रागू आणि मंद आच

पास्त्यासाठी मांस तासन्‌तास शिजवून केलेल्या दाट रश्शाला इटलीत ‘रागू’ म्हणतात, आणि इटालियन घरगुती स्वयंपाकाची खूण मानल्या जाणाऱ्या या पदार्थाचे नाव मुळात फ्रेंच आहे. मंदावलेली रुची पुन्हा चाळवणे, अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द बनला. अठराव्या शतकात फ्रेंच पाककलेचा दबदबा इटलीतील उमरावांच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या मुदपाकखान्यांत वाढला, तसा तो पदार्थासह तिकडे पोहोचला. फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे वाढला जाणारा हा रस्सा इटलीत पास्त्याच्या जोडीला आला. बोलोन्याजवळच्या इमोला येथील बिशप कार्डिनल क्यारामोन्ती, जे १८०० साली सातवे पायस या नावाने पोप झाले, त्यांचा स्वयंपाकी आल्बेर्तो आल्वीसी याने मॅकरोनीसाठी केलेला रागू हा या जोडीच्या जुन्या दाखल्यांपैकी एक होय.

बोलोन्याचे नाव छापील पाककृतीला चिकटले ते पेल्लेग्रीनो आर्तुसी या रेशमाच्या व्यापाऱ्यामुळे. त्याने १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या पाकशास्त्रावरील ग्रंथात ‘बोलोन्या पद्धतीची मॅकरोनी’ आहे. तिच्यासाठी वासराचे कोवळे मांस, खारवलेले डुकराचे मांस, कांदा, गाजर आणि सेलरी हे सारे चंद्रकोरीच्या आकाराच्या, दोन मुठींच्या सुरीने बारीक चिरायचे, लोण्यावर तांबूस होईपर्यंत परतायचे, मग मांसाचे पाणी घालून शिजवायचे आणि चिमूटभर पीठ लावून दाटपणा आणायचा, चवीला जायफळ. या कृतीत टोमॅटो नाही, आणि आज लालभडक रश्शालाच बोलोन्याचा म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यायला हरकत नाही.

टोमॅटोशी रागूचे घट्ट नाते जुळले ते दक्षिणेत, नेपल्समध्ये. तेथे खिमा नसतो. मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोच्या रसात शिजतात, रस पास्त्याला लावला जातो आणि मांस नंतर वेगळे वाढले जाते. भांडे आचेवर असताना रसाच्या पृष्ठभागावर एखादाच बुडबुडा सावकाश वर येऊन फुटावा, या अवस्थेसाठी नेपल्सच्या बोलीत ‘पिप्पियारे’ असे खास क्रियापद आहे. मराठीतील ‘रटरटणे’ त्याच्या जवळचे, पण त्याहून जरा दांडगे. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९५९ सालच्या ‘शनिवार, रविवार आणि सोमवार’ या नाटकात रविवारच्या जेवणाचा रागू आदल्या दिवशीच सुरू होतो.

ही संथ गती हौसेची नव्हे. बोलोन्याच्या परंपरेत मानाचा मानला गेलेला ‘कार्तेल्ला’ हा भाग म्हणजे गुरांच्या छाती व पोट यांमधील पडद्याचा स्नायू. तो चवीला दमदार, पण चिवट. स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन ओलसर उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होते, त्यानेच मांस मऊ पडते आणि रश्शाला अंग येते. आच वाढवून मात्र हे काम उरकत नाही, उलट मांस आवळून कोरडे होते.

इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे रागूची अधिकृत कृती नोंदवली, तिच्यात कार्तेल्ला होता, दूध होते आणि टोमॅटो बेताचा होता. आचाऱ्यांच्या हातात दर घरी बदलणारी गोष्ट कार्यालयाच्या दप्तरात बांधण्याचा हा खटाटोप मुळातच काहीसा विनोदी होता, आणि २०२३ साली अकादमीलाच तो मजकूर सुधारावा लागला. नव्या मजकुरात दूध ऐच्छिक झाले, आणि काय चालेल, काय चालणार नाही याच्या याद्याही आल्या. न चालणाऱ्या जिनसांत वासराचे मांस आहे आणि पीठही आहे, म्हणजे आर्तुसीची कृती तिच्याच नावाच्या शहरात बाद ठरते. त्याचे जायफळ तेवढे चालणाऱ्यांच्या यादीत राहिले आहे.