मराठी कादंबरीतील तरुण विधवा : शोकाची भाषा व आशेचा शब्द

नायगाव येथील मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) हे दोलामुद्रितांच्या संग्रहाविषयी अभ्यासकांस परिचित आहे. १८६७ पूर्वीच्या मुद्रित ग्रंथांच्या या वर्गात बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मोडते. मराठीतील पहिली कादंबरी असा तिचा निर्देश बहुधा केला जातो. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ चा. त्यानंतर वर्षभरातच हा ग्रंथ निघाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि अखेर स्वतःही विधवा होते. तिच्या दुःखाचा शेवट एका ख्रिस्ती तरुणाशी झालेल्या विवाहात होतो. आशा येथे आहे, परंतु ती धर्मांतराच्या मार्गाने आलेली आहे. आणि शोकाची भाषा निवेदकाची आहे, यमुनेची नव्हे.

पुढील नायिकेचे नावही यमुनाच. हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आली व १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. येथे यमू स्वतः बोलते. पुण्याच्या माजघरातील बायकी बोली, तिच्यातील आडवळणे, अर्धवट सोडलेली वाक्ये, मध्येच आठवलेला प्रसंग सांगण्याची लकब, हे सारे कादंबरीच्या मुख्य निवेदनात उतरले. मुंबईतील बिऱ्हाडाचे सुख आणि त्यानंतरचे सक्तीचे केशवपन एकाच स्वरात सांगितले जाते, म्हणूनच ते असह्य होते. प्रथमपुरुषी निवेदन ही केवळ तंत्राची निवड होती असे मानणे अपुरे आहे. ज्या स्त्रीपुढे लोक अपशकुन म्हणून तोंड फिरवीत, तिला शेकडो पृष्ठे बोलू देणे हेच या कादंबरीचे मोठे धाडस होय.

मराठी भाषेने वैधव्याची भीती आपल्या शब्दांतही जपलेली आहे. मंगळसूत्र ‘तुटले’ म्हणावयाचे नाही, ते ‘वाढले’. बांगडीही फुटत नाही, ‘वाढते’. विधवेस पत्रात ‘गंगाभागीरथी’ लिहावयाचे आणि भांडणात त्याच अवस्थेची शिवी द्यावयाची! यमूचे निवेदन या दोन टोकांच्या मधली, साधी बोलण्याची जागा शोधते.

आशेचा शब्द मात्र तिला मिळाला नाही. यमू मरण पावते. वस्तुतः शब्दाचा तुटवडा मराठीत नव्हता. अनेक शेतकरी व कारागीर जातींत विधवेचा ‘पाट’ लावण्याची रूढी जुनीच होती. कोठे तिला ‘मोहतूर’ म्हणत. कुळीचा अभिमान बाळगणारी मराठा घराणी मात्र पाट वर्ज्य मानीत, हेही विसरता कामा नये. विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६५ मध्ये मुंबईत जी मंडळी काढली तिचे नाव ‘पुनर्विवाहोत्तेजक’. उच्चवर्णीयांस पटवावयाचे तर शास्त्राधार हवा आणि शास्त्राधारास संस्कृत शब्द हवा. ‘पाट’ हा शब्द सुधारकांस सोयीचा नव्हता, कारण तो ज्यांच्या घरी बोलला जात असे त्यांच्याकडून काही शिकावे ही कल्पनाच त्या वर्गास मानवणारी नव्हती. कादंबरीने ही मर्यादा सुधारकांकडून जशीच्या तशी घेतली. पुढे नायगाव-परळ-लालबाग भागात गिरण्यांभोवती कोकणातील व देशावरील कुटुंबे वसली. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत राबणाऱ्या स्त्रियांत विधवाही होत्या. त्यांचे दुःख व त्यांचा पाट या दोहोंना शिष्ट कादंबरीत फारसे स्थान मिळाले नाही. मामा वरेरकर यांचा ‘धावता धोटा’ गिरणगावात शिरला खरा, पण त्यांची ‘विधवाकुमारी’ (१९२८) बालविधवेच्या पांढरपेशा प्रश्नाभोवतीच राहिली. या शीर्षकाचा समास मात्र मोठा बोलका आहे : परस्परविरोधी दोन पदे एकाच मुलीस लागू पडावीत, हीच त्या रूढीची विसंगती.

१८९३ हे साल आणखी एका दृष्टीने लक्षणीय ठरते. यमूची कहाणी ग्रंथरूप झाली त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. हे सदन १८८९ मध्ये मुंबईस निघाले व पुढे पुण्यास गेले. विवाहानंतर आनंदीबाई झालेल्या या स्त्रीने ‘माझे पुराण’ (१९४४) हे आत्मकथन केले. ‘पुराण’ हा शब्द येथे घरगुती अर्थाने, लांबलेल्या हकिकतीसाठी, योजलेला आहे. यमूला आपट्यांनी जी माजघरातील बोली दिली तिचाच स्वर या पुस्तकात ऐकू येतो. पण येथे बोलणारी बाई पुन्हा संसारात उभी राहिलेली, मुलेबाळे वाढविलेली आणि स्वतःच्या हालअपेष्टांकडे पाहून मधूनमधून हसू शकणारी आहे.