नमुना शेवटच्या तोटीचा
रायपूरला नळ आले ते 1892 साली. त्यासाठीचे खारुण नदीवरचे जलघर राजनांदगावचे राजे बलराम दास यांच्या देणगीतून झाले आणि त्यांच्याच नावाने ओळखले गेले. तोवर शहराची तहान बूढा तालाबसारखी तळी आणि विहिरी भागवत. आठच वर्षांपूर्वी कलकत्त्यात रॉबर्ट कॉखने तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला होता, तेव्हा तळे सोडून नदी धरणे शहाणपणाचेच. पण त्यासोबत एक समज मुरला: पाणी उचलतो तिथे ते चोख असले की झाले. रायपूरचा पुढचा इतिहास याच समजाविरुद्ध साक्ष देतो. 2018 मध्ये नहरपाऱ्यात आणि 2020 च्या टाळेबंदीत शहराच्या बऱ्याच वस्त्यांत कावीळ पसरली, तेव्हा बोट गेले ते नाल्यांतून नेलेल्या गळक्या पाइपांकडे. पुरवठा थांबून दाब उतरला की फुटक्या सांध्यातून नालीतले पाणी आत शिरते. फिल्टर प्लांटमधल्या अहवालाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून नमुना घ्यायचा तो शेवटच्या तोटीचा.

आणि तो घेणेही निगुतीचे काम. तोटीची रबरी नळी काढायची, तोंड पुसून आचेवर तापवायचे, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचे, मग निर्जंतुक बाटली भरायची. बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवे; नाहीतर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल फुकटचा चांगला येतो. पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते, 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू सापडता कामा नये. यावर कोणी म्हणेल, निकाल यायला दिवस लागतो, तोवर लोक पाणी पिऊन मोकळे. खरे आहे, पण उरलेले क्लोरीन तिथल्या तिथे कळते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग आलाच नाही, तर तेवढ्यावरही पाइपलाइन तपासायला हवी. दुसरा आक्षेप जड आहे: कावीळ विषाणूची, चाचणी जिवाणूंची. 1955-56 च्या दिल्लीत नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेतून जलकेंद्रात शिरले. जादा क्लोरीनमुळे जिवाणूंचे रोग वाढले नाहीत, तरी सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तिथे घाण उगमापाशीच आली, हेही मान्य. पण त्यावरून तपासणी निरर्थक ठरत नाही. चांगल्या अहवालाच्या आधारे पाइप नाल्यातच राहू देणे मात्र चुकीचे ठरते.