कोरड्या खडकातली वीज

वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आपल्या ओळखीची आहेत. जमिनीखाली उष्णता, भेगा आणि पाणी एकत्र आले की असे झरे वर येतात. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' येथे तर आयती वाफच मिळते. तिच्यावर १९६० साली ११ मेगावॉटचे वीजकेंद्र सुरू झाले. पण अशा जागा मोजक्याच. खोल गेले की उष्णता मात्र सगळीकडे असते. मग नुसत्या कोरड्या खडकातून वीज का काढू नये?

हा प्रश्न १९७०च्या सुमारास लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांना पडला. होय, अणुबाँब बनवणारी तीच प्रयोगशाळा! कल्पना सोपी होती. एक खोल बोअर मारायची, दाबाने पाणी सोडून खडक तडकवायचा, आणि तापलेले पाणी दुसऱ्या बोअरमधून वर घ्यायचे. न्यू मेक्सिकोत फेंटन हिल येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीवर हे जमले. १९८० साली तिथे ६० किलोवॉटचे छोटे जनित्रही चालले.

मग ते ४ किलोमीटरच्याही खाली गेले. तिथे तापमान ३०० अंशांच्या वर होते. दोन्ही बोअर आधीच मारून ठेवल्या होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये दोन कोटी लिटरहून जास्त पाणी आत कोंबले, पण भेगा दुसऱ्या बोअरपर्यंत पोचल्याच नाहीत! खडक आपल्या मर्जीने तडकतो. अखेर तडकताना होणाऱ्या बारीक हादऱ्यांवरून भेगांचा ठाव लावला आणि १९८५ साली एक बोअर त्या दिशेला वळवली. तेव्हा कुठे पाणी फिरले. धडा असा की आधी तडकवा, मग ऐका, आणि नंतरच दुसरी बोअर मारा. पुढे पैसा आटला आणि १९९०च्या दशकात प्रकल्प गुंडाळला गेला.

कल्पना चुकीची नव्हती. खोल बोअर मारणे महाग होते. ती अडचण पुढे तेल-वायूवाल्यांनी हलकी केली. शेल खडकासाठी ते आडव्या बोअर मारायला शिकले. तेच तंत्र वापरून २०२३ साली नेवाडात फर्वो कंपनीने ३.५ मेगावॉटइतकी वीज देईल एवढे गरम पाणी वर आणून दाखवले.

धोका आहेच. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे २००६ साली अशाच पाण्याने भूकंपाचे धक्के बसले आणि प्रकल्प सोडून द्यावा लागला. १९६७चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. त्याच कोयना भागात गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटरची बोअर २०१७ साली पुरी झाली. म्हणजे खोल जाणे आपल्यालाही येते. वीज काढायची की नाही हे पुढे ठरवता येईल, पण खडकाचे ऐकण्याची सवय आधी हवी.